अजून थोडं मागं

मी एक लेन्स बोलतेय. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसणारी, बुटकी, पुढून फुगीर डोळ्याची. मला वाइड अँगल म्हणतात, म्हणजे एका नजरेत पुष्कळ काही सामावून घेणारी. सध्या तोंडावर काळं झाकण घालून मला कपाटात ठेवलंय. झाकणाच्या आत अंधार असतो, आणि त्या अंधारात आजवर पाहिलेलं सगळं पुन्हा पुन्हा तरंगत येतं. त्यातलंच थोडं तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. तो अर्धवटच आठवतो. काचेचे गोल तुकडे कुणीतरी घासले, पुसले, एकामागे एक बसवले, आणि अचानक मला दिसायला लागलं. तेही उलटं! छत खाली, माणसं डोक्यावर उभी. अजूनही मला जग तसंच दिसतं. ते सुलटं करायचं काम कॅमेऱ्याचं.

माझ्या अंगावर बाराचा आकडा कोरला. आमच्या कुळात आकडा जितका लहान तितकी नजर रुंद. शेजारच्या खोक्यात पन्नासची एक होती. ती एकाच चेहऱ्याकडे टक लावून बघण्यात तरबेज. मला ते कधीच जमलं नाही. वाढदिवसाच्या मुलाकडे बघायला जावं, तर कोपऱ्यातली चपलांची रास आणि जांभई देणारे काकासुद्धा माझ्यात शिरतात. त्याला माझा इलाज नाही.

माझा पहिला मालक विकायच्या घरांचे फोटो काढायचा. चिमुकली खोलीही माझ्यातून दिवाणखाना दिसायची. प्रत्यक्ष गिऱ्हाईक आलं की दारातच थबकायचं, "एवढीच?" मालक माझ्याकडे बोट दाखवून हसायचा. करून सवरून तो नामानिराळा, बदनामी माझी.

पुढे त्यानं मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली ती पाटी, जिच्यावर मी चित्र पाडते. मी घडलेय लहान पाटीसाठी. मोठ्या पाटीला माझं चित्र पुरेना, चारही कोपरे काळे राहिले. त्यानं कपाळाला हात लावला आणि मला जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात देऊन टाकलं.

तिथल्या काचेच्या कपाटात मी रिकाम्या खोल्यांची स्वप्नं बघत पडून होते. फरशीवर सरकणारं ऊन, आणि टांगलेले फोटो उतरवून नेल्यावर भिंतीवर उरलेले फिकट चौकोन. ते चौकोन बघून मला नेहमी वाटायचं, इथं कोण होतं बरं? मला नेहमी सगळे गेल्यावरच बोलावलं जायचं.

एका दुपारी एक मुलगी आली. ती पोहायला शिकवायची; केस अजून ओलेच होते. हातात छोटासा, आत आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा आणि त्याच्या तोंडावर भलीमोठी जड लेन्स. नाकापेक्षा मोती जड.

"ही चोवीसची," ती दुकानाच्या मालकीणबाईंना म्हणाली. "रुंद असते म्हणून घेतली. पण अर्धी जागाही येत नाही हो. मी भिंतीला पाठ टेकवून उभी राहते. आणखी मागं कुठं जाऊ?"

मालकीणबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "मोठ्या सेन्सरवर ही रुंदच. तुमचा सेन्सर लहान. चित्राच्या कडा त्याच्या बाहेर सांडतात, मधलं तेवढं उरतं. सगळेच आकडा बघून फसतात. बरं, फोटो कशाचा काढायचाय?"

"बाबांच्या दुकानाचा. फोटोंना फ्रेम करून देतात ते. त्यांना काचबिंदू झालाय. मधलं तेवढं दिसतं, कडेचं गेलं. पाइपातून बघावं तसं. दुकान आता बंद करतोय. परवा म्हणाले, एकदा अख्खं दुकान एका नजरेत दिसलं असतं तर सुखानं कुलूप लावलं असतं. मला तेवढंच करायचंय."

मालकीणबाई कपाटाकडे वळल्या. त्यांनी एक झूम लेन्स काढली आणि शेजारी मला ठेवलं. "झूम सोयीची आहे, पण तिला उजेड लागतो. ही बाराची, हिचा फोकस हातानं फिरवावा लागतो, पण अंधाऱ्या जागेत हिला छान दिसतं."

"दुकानात एकच खिडकी आहे."

"मग हीच न्या. फक्त कडेची माणसं ताणली जातात हं हिच्यात."

"ताणू देत," मुलगी म्हणाली. "पण येऊ देत."

इतकं चांगलं माझ्याबद्दल तोवर कुणी बोललं नव्हतं. मी तिच्या कॅमेऱ्यावर जाऊन बसले, आणि खट्‌ असा आवाज झाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

बाबांचं दुकान बोळासारखं होतं. दोन्ही भिंतींवर वरपासून खालपर्यंत रिकाम्या फ्रेमा. उजवीकडे बाबांचं टेबल, करवत, खिळ्यांचा डबा. डावीकडे दाराशी गल्ला आणि गल्ल्यावर आई. तिची जीभ बाबांच्या करवतीपेक्षा धारदार होती.

बाबांची कामाची एक रीत होती. फ्रेम तयार झाली की ती आईच्या हातात द्यायची आणि आपण पाठ भिंतीला लागेपर्यंत मागं मागं जायचं. "लांबून बघितल्याशिवाय चित्र कळत नाही," असं ते म्हणायचे. हल्ली मागं जाताना कडेला टेकवून ठेवलेल्या काचा त्यांना दिसत नसत. एकदा अख्खी चळत फुटली. त्या दिवशी त्यांनी स्वतःच दुकान बंद करायचं ठरवलं.

मुलीनं दारासमोरच्या आतल्या कोपऱ्यात पाठ टेकवली. बाबा टेबलापाशी, आई गल्ल्यावर. खिडकीतून दुधासारखा उजेड येत होता आणि त्यात लाकडाचा भुसा तरंगत होता. मी सगळं आत घेतलं. भिंती, फ्रेमा, करवत, बाबा, आई, दाराबाहेरची सायकलसुद्धा. त्या वेळी मला झोपेत कुणीतरी घरी आणून सोडल्यासारखं वाटलं.

मग बारकीनं एक चूक केली. बाबा तिला बारकी म्हणत, म्हणून मीही म्हणते. नजर अधू, तर चित्र मोठं हवं, असं तिला वाटलं. दाराएवढा फोटो छापून आणला आणि टेबलावर पसरला.

बाबा त्यावर वाकले. बोट फिरवत राहिले. "हं, ही करवत. हा डबा. हा माझा कान." मग बोट थांबलं. "बारके, छान आहे गं. पण हे असंच तर मला रोज दिसतं. तुकड्यातुकड्यानं."

बारकीचं तोंड एवढंसं झालं. "माझी निवडच चुकली," ती पुटपुटली. "लेन्स परत देऊन येते."

मी हादरलेच. पुन्हा ते काचेचं कपाट! पण त्याहून जास्त वाईट बाबांचं वाटलं. सगळं माझ्यात होतं, आणि त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"थांब," बाबा म्हणाले. "लांबून बघितलंच नाही अजून." सवयीनं ते मागं जाऊ लागले, तोच आई ओरडली, "अहो, काचा! तुम्ही जागचे हलू नका. तुम्हाला मागं जाता येत नाही ना, मग आम्ही चित्र मागं नेतो."

दोघींनी फोटोची दोन टोकं धरली आणि उलट्या पावलांनी दाराबाहेर पडल्या. मी बारकीच्या गळ्यात लटकत होते. बाबा टेबल धरून उभे.

"आता?"

"अजून थोडं मागं."

पायरी उतरल्या. फूटपाथ आला. "अजून!" रस्ता ओलांडायचा होता. एक स्कूटरवाला थांबला आणि आईच्या नजरेकडे बघून निमूट थांबूनच राहिला. दोघी समोरच्या फूटपाथवर पोचल्या. आईचे हात भरून आले होते. "ह्याच्यापुढं मी जायची नाही!" तिनं तिथूनच सांगितलं.

बाबा तसेच उभे होते. मग हळूच म्हणाले, पण आम्हाला ऐकू आलं, "बस. आलं. सगळं आलं."

ते बराच वेळ बघत राहिले. रस्ता वाहत होता, चित्र पुन्हा पुन्हा झाकलं जात होतं, आणि ते प्रत्येक वेळी थांबून राहत होते.

"आणि तू गं?" ते एकदम हसून ओरडले. "अशी फुगलीस का?"

फोटोत आई अगदी डाव्या कडेला होती. माझ्या स्वभावाप्रमाणे मी तिचा दंड चांगलाच ताणला होता. एरवी तिनं माझी खरडपट्टी काढली असती. पण ती फोटोवरून त्यांच्याकडेच बघत होती. गेलं वर्षभर ती त्यांच्या डाव्या हाताला बसून होती आणि मान वळवल्याशिवाय त्यांना दिसत नव्हती. आज ती त्यांना न वळता दिसली होती. आईनं डोळे पुसायला हात सोडला आणि फोटोचं तिच्याकडचं टोक खाली आलं.

"अगं, धर! तूच गेलीस!" बाबा ओरडले.

नंतर बारकीनं तोच फोटो तळहाताएवढा छापून आणला. हात लांब करून धरला की तो बाबांच्या नजरेत बरोबर मावतो. त्या दुकानात त्यांनी केलेली शेवटची फ्रेम त्याचीच. खुणा आईनं केल्या, करवत त्यांनी चालवली. मग कुलूप लागलं. आता तिथल्या भिंतींवरही फिकट चौकोन उरले असतील. पण तिथं कोण होतं, हे या खेपेला मला ठाऊक आहे.

तुम्ही कधी माझ्यासारखी लेन्स निवडायला गेलात, तर आकडा नंतर बघा. आधी आपल्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून उभे राहा आणि बघा, कोण बाहेर राहतंय. आणि घरी नेल्यावर आम्हाला फार दिवस झाकणात ठेवू नका.

बाहेरच्या खोलीत बाबांचा आवाज येतोय. "बारके, आण गं तुझी ती लेन्स. तुझी आई कधी नव्हे ती हसतेय, आणि मला अर्धीच दिसतेय."

कपाटाचं दार उघडलं वाटतं. येते मी.