फिल्टरमधली चमक

पेरुंगुडीच्या चकचकीत आयटी कंपन्यांमागे एक गल्ली आहे. तिथल्या लहानशा लॅबमध्ये मंदार गाड्यांचं इंजिन ऑइल तपासायचा. माणसाचं रक्त तपासतात तसंच हे काम. इंजिन आतून झिजू लागलं, की धातूचा बारीक चुरा तेलात उतरतो. साताऱ्याहून आलेल्या ह्या पठ्ठ्याला तमीळ चहा मागण्यापलीकडे आलं नव्हतं. त्यामुळे दिवसभर तो मशीनशी बोलायचा आणि संध्याकाळी खोलीतल्या भिंतींशी.

अपवाद एकच, रघुरामराव. तंजावरकडचे मराठी. सगळं घराणं कारकून नाहीतर मास्तर, ह्यांनी मात्र ट्रक घेतला आणि कांचीपुरमहून टी. नगरच्या बाजारात साड्यांचे गठ्ठे आणण्यात जन्म काढला. महिन्याकाठी ते तेलाची बाटली घेऊन येत आणि तमीळ हेलाच्या जुन्या मराठीत तासभर बोलत बसत. बायको गेल्यापासून घरात मराठी उरली नव्हती. मुलगा सुधींद्र आणि सून तमीळच बोलत. मंदार त्यांची चातकासारखी वाट बघायचा.

ह्या खेपेला बाटली उजेडात धरली आणि तो थबकला. महिनाभर पळालेल्या डिझेल इंजिनाचं तेल काळंकुट्ट असतं, हे तर कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. म्हणजे म्हाताऱ्याने नुकतंच नवं तेल भरलं होतं. का, तेही मंदारला ठाऊक होतं. रिपोर्ट वाईट आला तर ट्रक विकायचा, असं सुधींद्रने बजावलं होतं.

नव्या तेलाचा रिपोर्ट चांगलाच येणार. मंदार गप्प बसला असता तर ट्रक चालू राहिला असता आणि पुढच्या महिन्यात रघुरामराव पुन्हा आले असते. झाकली मूठ दोघांच्याही सोयीची होती. त्याला मोह झाला, अगदी खरा मोह झाला.

पण भरल्या ट्रकचं इंजिन हायवेवर जाम झालं तर? मंदार बाहेर उभ्या असलेल्या ट्रकपाशी गेला. तेल बदललं होतं, फिल्टर मात्र जुनाच होता. चालणारी वस्तू फेकायची नाही, ही घराण्याची सवय म्हाताऱ्याला नडली होती. मंदारने फिल्टर काढून कापला आणि आतला घड्यांचा कागद उन्हात पसरला. घडीघडीत तांब्याची कणी चमकत होती.

"काका, बेअरिंग झिजलंय. आता ही गाडी रस्त्यावर काढू नका."

रघुरामराव कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मज ठाऊक होतं रे तंबी. गाडी गेली की अस्की संपलं, सगळंच. मग इथे काय म्हणून यायचं?"

असेच या, असं मंदारच्या ओठांवर आलं होतं. पण बिनकामाचं कोणाच्या दारात जायचं नाही, ही त्यांची रीत त्याला माहीत होती.

ट्रक विकला गेला. पुढचा महिना मंदारला खायला उठला. गल्लीत ट्रकचा आवाज आला की तो उगाच दारापर्यंत जाऊन यायचा.

एका दुपारी रघुरामराव बसने आले. घामाघूम झाले होते. पिशवीतून त्यांनी एक छोटी बाटली काढली.

"सुधींद्रची स्कूटर आहे. जरा बघून सांग."

स्कूटर नवीकोरी होती. तेलात बघण्यासारखं काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मंदारने बाटली जपून मशीनपाशी ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"वेळ लागेल, काका," तो म्हणाला. "बसा."