फीत बांधलेली खाट

गोव्यातल्या लाटंबार्से गावच्या रुग्णसेवा मंडळाच्या तीन सभा रौप्यमहोत्सवाच्या कमानीतच अडकून पडल्या होत्या. कमानीवर आधी नाव कोणाचं, यावर तीन रविवार गेले. आजचा चौथा. चिटणीस कमलाक्षीबाईंचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. जन्मभर नर्स म्हणून राबलेली बाई ती. माणसं नुसती बोलत बसली की तिचे हात शिवशिवायचे.

मंडळाचं काम काय, तर आजारी माणसाला घरी वापरायला खाट, चाकाची खुर्ची, कुबड्या फुकट द्यायच्या आणि काम झालं की परत आणायच्या. पण महिनाभर सगळं सामान नवा रंग लावून मागच्या खोलीत कुलपात होतं. महोत्सवात त्याचं प्रदर्शन मांडायचं होतं ना! मधोमध वर-खाली होणारी ती मोठी खाट, तिला लाल फीत बांधलेली. पाहुणे येऊन ती कापणार. चावी अध्यक्ष कृष्णनाथबाबांच्या सदऱ्याच्या खिशात.

आणि इकडे दारात स्नेहा उभी होती. खुब्याचं हाड मोडलेली तिची सासू आज दुपारी इस्पितळातून घरी येणार होती. जमिनीवर अजिबात निजवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खाटेसाठी स्नेहाची ही तिसरी खेप.

"काकी, टेंपो भायर उबो आसा," ती हळूच म्हणाली.

कमलाक्षीबाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"म्होत्सव जाव दी गो बाय," कृष्णनाथबाब म्हणाले. "पंदरा दिसांचो प्रश्न. नवो रंग आसा, खरचटलो तर?"

रंग खरचटेल! कमलाक्षीबाईंनी ओठांवर आलेली शिवी गिळली.

सभेची सुरुवात नेहमी गाऱ्हाण्याने व्हायची. सगळ्यांत थोरले शिवदासबाब देवापुढे मंडळाचं मागणं मांडायचे आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. आज नेमका त्यांचा घसा बसला होता. मग गाऱ्हाणं कोण घालणार, यावर आणखी एक चर्चा सुरू होणार, एवढ्यात कमलाक्षीबाई देवापुढे ठेवलेल्या नारळासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बायलमनशेन गाऱ्हाणां?" उपाध्यक्ष शंभू पुटपुटला. गाऱ्हाणं आजवर पुरुषच घालत आले होते.

तोवर बाईंनी हात जोडलेसुद्धा.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे म्हणाले.

"पंचवीस वर्सांआदीं गावान हें मंडळ काडलां, तां दुयेंत-आजारी माणसाक खाट मेळची म्हणान!"

"व्हय म्हाराजा!"

"ती खाट आज आमी पाव्हण्यांक दाखोवक कुलपांत घातल्या!"

"व्हय म्हा..." आवाज मध्येच अडखळले. कृष्णनाथबाबांचा मात्र पुरा निघून गेला.

"आमचो अपराध पदरांत घे, आनी ह्या स्नेहाच्या सासयेक ती खाट आजच मेळूं दी रे म्हाराजा!"

या वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ कोणी म्हणेना. कमलाक्षीबाईंनी हात जोडलेलेच ठेवले. एवढी साधी गोष्ट, आणि ती या शहाण्यांना देवाच्या आडून सांगावी लागते! संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग कोपऱ्यातून घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा." शिवदासबाब होते. त्यांच्यामागून एकेक करत सगळेच म्हणाले.

देवापुढे होकार दिलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायची छाती त्या गावात कोणाची नव्हती. कृष्णनाथबाबांनी मुकाट्याने चावी काढून टेबलावर ठेवली.

खाट टेंपोत चढली तेव्हा ते धापा टाकत मागून आले.

"अगो, फीत तरी सोड! पाव्हणे कितें कापतले?"

"आसूं दी," कमलाक्षीबाई म्हणाल्या. "म्हातारी कापतली."