अर्धी ओळ

मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून माझी धाकटी जाऊ ना बोलत होती, ना बोट हलवत होती. हाक मारली तरी डोळे छताला लागलेले. 'काकू, आई आता आत नाहीच,' असे पुतण्याने मला सुनावले आणि तिला दूरच्या शुश्रूषागृहात ठेवण्याचे ठरवूनही टाकले.

'आत आहे की नाही ते आधी पाहू,' मी म्हणाले. 'आणि तिच्या उशाशी उभं राहून असलं बोलू नकोस.'

पाहणारी माझी नातच होती. असे निश्चल पडलेले रुग्ण ऐकतात का, याचा शोध ती मेंदूच्या प्रतिमांवरून घेते.

'आजी, सवयीचं काम नुसतं मनात केलं तरी मेंदूचा ठरावीक भाग जागा होतो. सांगितल्यावर जागा झाला आणि थांब म्हटल्यावर निजला, तरच तिला कळतंय असं धरायचं.'

'मग विणायला सांग. जन्मभर आम्हा सगळ्यांना स्वेटरांत कोंडलंय तिनं.'

तपासणीला इस्पितळात जाताना मी तिच्या पोलादी सुयासुद्धा नेल्या होत्या. तंत्रज्ञ दारातच आडवा आला. 'आजी, आत जबरदस्त चुंबक आहे! भाल्यासारख्या सुटतील.' माझ्या हातातली वस्तू मागण्याची छाती आजवर कोणाची झाली नव्हती. मी मुकाट्याने दिल्या.

काचेपलीकडे जाऊ पांढऱ्या बोगद्यात सरकली. यंत्राची ठकठक सुरू झाली. घरचा आवाज बरा, म्हणून नातीने माइक माझ्यापुढे ठेवला.

'धाकटे, विण.'

पडद्यावरच्या करड्या मेंदूत, माथ्याजवळ, केशरी ठिपका उमटला. पुतण्या उभाच राहिला.

'थांब.'

ठिपका विझेना. पुन्हा विण, पुन्हा थांब; तो आपला तेवतच राहिला. नातीचा चेहरा उतरला. 'हा पुरावा नाही, आजी. यंत्राचा दोषही असेल.'

'काकू, मी सांगत होतो...'

'गप्प बस. तुझ्या आईनं कधी ओळ अर्धी टाकलीय? तुझ्या वेळी कळा सुरू झाल्या, तेव्हाही बाईसाहेबांनी आधी ओळ पुरी केली!'

मी माइक जवळ ओढला. 'धाकटे, ओळ संपव. मग सुया खाली ठेव.'

आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो. केशरी रंग हळूहळू मावळला.

'आता पुढची ओळ.' उजाडले. 'संपव, ठेव.' मावळले. पुन्हा, आणि पुन्हा. पांघरुणाखालचे हात लाकडासारखे पडलेले, आणि आत, हाडांच्या त्या बंद खोलीत, माझी जाऊ विणत बसली होती. मी पुष्कळ पाहिले आहे. पण असे काही पाहायला मिळेल, हे कोणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

 मग पुतण्याने माइककडे हात केला.

'आई... घरी यायचंय? हो असेल तर विण.'

'जरा वेळ लागेल,' नात पुटपुटली.

लागू दे. आम्ही तिघे पडद्यापुढे उभे राहिलो. मग माथ्याशी केशरी उजाडले, आणि या खेपेस तिला थांब म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती.