घरचा ढग, भाड्याचा ढग

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात वहिनींना सगळेच वहिनी म्हणत, अगदी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले इस्त्रीवालेसुद्धा. खरं नातं एकाचंच होतं, कारभार पाहणाऱ्या धाकट्या दिराचं. वहिनींचे यजमान थोरले. ते कापणीच्या विभागात रमलेले असत आणि दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत, त्यातली आठ कापडाबद्दल. धाकटे मात्र तोंडाने कारखाना चालवणारे, म्हणून कारभार आपसूक त्यांच्याकडे गेला. कॉम्प्युटरचा विभाग वहिनींकडे आला, कारण त्या ते शिकलेल्या होत्या आणि बाकी कुणाला तो नको होता.

तिथे कामं दोनच होती. एक म्हणजे याद्या. दीडशेच्या वर शाळांमधल्या प्रत्येक मुलाचं नाव, वर्ग, फोटो, घरचा पत्ता, छाती, कंबर, उंची. कापणीची टेबलं याच याद्यांवर चालत. दुसरं काम म्हणजे दुकान, म्हणजे पालकांनी घरबसल्या ऑर्डर द्यायची वेबसाइट. वर्षातले साडेअकरा महिने तिथे काळं कुत्रं फिरकत नसे, आणि शाळा सुरू व्हायच्या आधीच्या पंधरवड्यात मुंग्यांसारखी गर्दी उसळे.

वहिनींनी यावर एक पान लिहून दिलं होतं. याद्या आपल्याच मशिनांवर ठेवाव्यात, कारण मुलं लोकांची आहेत. दुकान भाड्याच्या क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटवरून वापरायच्या मशिनांवर न्यावं, कारण तिथे पंधरा दिवसांसाठी पन्नास मशिनं घेता येतात आणि सोळाव्या दिवशी परत करता येतात. पान एकच होतं आणि वाचून समजत होतं. धाकट्यांच्या दृष्टीने हाच त्यातला दोष ठरला.

ते एका परिषदेला गेले आणि येताना सल्लागार घेऊन आले. हा गृहस्थ बोलताना दोन्ही हातांनी हवेत गोल काढी आणि त्या गोलाकडे असा बघे, जणू आत काहीतरी आहे. त्याने नव्वद पानी सादरीकरण केलं. सार एवढंच की मोठ्या कंपन्यांसारखा आपणही स्वतःचा खाजगी क्लाउड उभारायचा, याद्या आणि दुकान दोन्ही त्यातच ठेवायचं, बाहेर काही जायला नको. खाजगी म्हटलं की धाकट्यांची छाती फुगे. त्यांनी तळमजल्यावर काचेची खोली बांधून घेतली, आत निळे दिवे लावले, फीत कापली. निळ्या दिव्यांचा उपयोग काय, हे वहिनींनी सल्लागाराला विचारलं. तो म्हणाला, ग्राहकांचा विश्वास वाढतो. ग्राहक तळमजल्यावर येतात कधी, हे विचारण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

दिराला मात्र त्यांनी एकदा सरळ सांगून पाहिलं.

"भाऊजी, सात मशिनं आपली जुनीच आहेत, पाच नवी आलीत. वर चांगलं सॉफ्टवेअर आहे, काम वाटून देतं. याद्यांसाठी हे उत्तम आहे. पण बारा मशिनं ती बाराच. गर्दीच्या दिवशी तेरावं कुठून आणणार?"

"वहिनी, तुम्ही फार तपशिलात अडकता," धाकटे म्हणाले. "जरा वरून बघायला शिका."

घरी गेल्यावर वहिनींनी यजमानांना सल्लागाराची नक्कल करून दाखवली, हवेतल्या गोलासकट. थोरले पोट धरून हसले. त्या दिवसापासून वहिनींना सल्लागाराची आणि दिराची कीव करण्याची गोडीच लागली. सल्लागाराने ईमेलमध्ये केलेल्या चुका त्या वेगळ्या काढून ठेवत. धाकटे बैठकीत एखादा शब्द भलत्याच ठिकाणी वापरत, तेव्हा त्या वहीत डोकं घालून मनातल्या मनात त्याचा समाचार घेत.

गर्दीच्या पंधरवड्यातल्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला ऑर्डरी सुरू झाल्या आणि सव्वादहाला दुकान बसलं. पालकांच्या फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. याद्याही त्याच बारा मशिनांवर होत्या, त्यामुळे दुकानाने त्यांचाही गळा धरला. कापणीच्या टेबलांवर मापं येईनात. थोरले जिना चढून वर आले आणि टेबलं थांबलीत, एवढंच म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "मला नका विचारू. काचेच्या खोलीत विचारा." हे बोलताना त्यांना किती बरं वाटलं, ते त्यांचं त्यांना माहीत.

खाली धावाधाव चालली होती. सल्लागाराचे हात आता गोल काढत नव्हते, नुसतेच हलत होते. अखेर त्याने ठरवलं की दुकान भाड्याच्या क्लाउडवर हलवायचं. म्हणजे वहिनींच्या त्याच पानावरची गोष्ट, फक्त घाम फुटल्यावर सुचलेली. पण दुकान आणि याद्या एकमेकांपासून सोडवायला वेळ लागला असता, म्हणून त्याने सगळंच उचललं, याद्यांसकट. वर मोबाइलवर येणारा चार आकडी कोड टाकण्याच्या पायरीवर लोक अडकतात असं दिसलं, तेव्हा धाकटे म्हणाले, ती पायरीच काढून टाका. त्याने काढली.

वहिनींच्या समोरच्या पडद्यावर हे सगळं दिसत होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं की याद्या बाहेर गेल्या आहेत आणि दाराला कडी नाही. सगळं बंद करायचं बटण हाताशीच होतं. त्यांनी हाताची घडी घातली. मनात आलं, आता स्वतः वर येऊन मला बोलवा. वहिनी, आमचं चुकलं, म्हणा. मग बघते.

कुणी आलं नाही. साडेअकराला फोन वाजला. एका लहान शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्याकडे आलेल्या एका पालकाने मुलाच्या मापाचं पान उघडलं होतं आणि वर वेबसाइटच्या पत्त्याच्या पट्टीतला शेवटचा आकडा सहज बदलून पाहिला होता. दुसऱ्याच मुलीचा फोटो समोर आला. खाली तिच्या घराचा पत्ता.

वहिनींनी फोन हातात असतानाच सगळं बंद केलं. मग त्या खाली गेल्या, सल्लागाराला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या. याद्या भाड्याच्या क्लाउडवरून पुसून टाकल्या. नुसतं दुकान, मापांचे रकाने रिकामे ठेवून, भाड्याच्या क्लाउडवर लावलं. मापं पालक स्वतः भरतील, असं लिहिलं. दोन वाजेपर्यंत दुकान सुरळीत चालायला लागलं. गर्दी वाढली तशी मशिनं आपोआप चाराची तीस झाली, आणि संध्याकाळी ओसरली तशी सहावर आली. काचेच्या खोलीत फक्त याद्या उरल्या आणि कापणीची टेबलं पुन्हा चालू झाली. संकटातून मार्ग काढला असं सल्लागार फोनवर कुणाला तरी सांगत होता. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका स्वतः आल्या. बारीक अंगाच्या, हातात डबा ठेवायची पिशवी, बसायला सांगितलं तरी उभ्याच. त्यांच्या शाळेतली एक मुलगी आणि तिची आई गेल्या वर्षापासून घर बदलून राहत होत्या. बाप मारहाण करणारा, त्याला पत्ता कळू नये म्हणून शाळेनेही तो कुणाला दाखवला नव्हता. फक्त गणवेश घरपोच यावा म्हणून कारखान्याला दिला होता. ते पान कुणी उघडलं होतं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

वहिनींनी नोंद काढून ठेवलेली होती. पान एकदा उघडलं गेलं होतं. अकरा बावीसला. कुणी, ते कळायला मार्ग नव्हता.

"तुम्हाला हे कधी समजलं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

धाकटे मध्येच बोलले की तुमचा फोन येताक्षणी, साडेअकराला, आमच्या टीमने तातडीने पावलं उचलली.

"अकरा दहाला," वहिनी म्हणाल्या. "मला अकरा दहाला समजलं होतं. मी वीस मिनिटं बसून राहिले."

"का?"

"यांची फजिती बघायची होती."

मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर वहिनींना सोसला असता. पण तिथे जे होतं ते वहिनींच्या चांगल्या ओळखीचं होतं. सल्लागाराकडे, दिराकडे बघताना त्या स्वतः इतके महिने तेच डोळ्यांत घेऊन फिरल्या होत्या. खरं सांगितल्याबद्दल मुख्याध्यापिकांनी आभार मानले, मुलांच्या याद्या पुसून टाकल्याचं लिहून घेतलं, आणि यापुढे गणवेश दुसरीकडून घेऊ असं सांगून निघून गेल्या. त्या मायलेकी चार दिवसांत ते घर सोडून गेल्याचं नंतर कळलं.

धाकट्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. "तुम्ही साडेअकरा म्हणाला असतात तर शाळा हातातून गेली नसती. कुणाला कळणार होतं?"

सगळ्या शाळांना जे पत्र गेलं, त्यात वहिनींनी अकरा दहा हीच वेळ लिहिली आणि खाली स्वतःची सही केली. धाकट्यांनी ती ओळ दोनदा खोडली. वहिनींनी ती दोनदा परत लिहिली. आणखी दोन शाळा गेल्या. यापुढे याद्यांमधलं काहीही बाहेर न्यायचं तर दोघांची परवानगी लागेल आणि ते बघणारा कुणीही, शिकाऊसुद्धा, ते थांबवू शकेल, असा नियम त्यांनी केला. पत्ते तर याद्यांमधून काढूनच टाकले. गणवेश शाळेत पोचवले तरी चालतात, हे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, त्यांच्यासुद्धा.

वर्षअखेरीस धाकटे पुन्हा त्या परिषदेला गेले, या वेळी व्याख्यान द्यायला. घरचा क्लाउड कशासाठी, भाड्याचा कशासाठी, हे त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं. वहिनींचं ते एक पान आता चाळीस पानांचं झालं होतं. रविवारी जेवायला आले तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्याचं ते रंगवून सांगत होते. जावेने फोटो दाखवले. वहिनींनी सगळे पाहिले, छान आलेत म्हणाल्या.

थोरले इतका वेळ खाली मान घालून जेवत होते. त्यांनी पाण्याचा पेला ठेवला आणि बायकोला विचारलं, "त्या मायलेकी आता कुठे असतात गं?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि मला ते माहीत असताही कामा नये."