मालकाच्या आईची खोली

चौथ्या भाडेकरूनेही घर सोडत असल्याचं कळवलं, तेव्हा शिंपीमास्तरांचं डोकंच फिरलं. दोन वर्षांत चार! आयुष्यभर मशीन मारून साठवलेलं सगळं त्यांनी या फ्लॅटमध्ये घातलं होतं, वर बँकेचं कर्ज. भाडं येईल, त्यातून हप्ता जाईल, असं साधं गणित होतं. पण भाडेकरू टिकेना आणि हप्ता काही थांबेना. आता या नर्सबाईही गेल्या तर फ्लॅट पडेल त्या भावात फुंकून टाकावा लागणार होता.

भर दुपारी ते तिकडे पोहोचले. नर्सबाई खोकी बांधत होत्या.

"पाणी येत नाही का? की शेजाऱ्यांची कटकट?"

"छे हो, घर छान आहे. तुमच्या आईंचाही तसा त्रास नाही."

"कुणाच्या आईंचा?"

"तुमच्या. आतल्या खोलीतल्या. दार उघडत नाहीत की बोलत नाहीत. फक्त मी आडवी झाले की भिंतीपलीकडून श्वास ऐकू येतो. मी श्वास रोखला की त्याही रोखतात. वय झालंय, समजतं मला. पण माझ्या झोपेचं खोबरं झालंय, मास्तर."

मास्तरांच्या आईला जाऊन तीस वर्षं झाली होती.

त्यांनी आतल्या खोलीचं दार ढकललं. ते उघडंच होतं. आत काडी नव्हती, फरशी मात्र आत्ताच पुसल्यासारखी ओली होती. नर्सबाई उंबऱ्याशीच थांबल्या. त्यांनी करार काढून कलम सातवर बोट ठेवलं. आतली खोली मालकाच्या मातोश्रींच्या ताब्यात राहील, भाडेकरूने तेथे प्रवेश करू नये. खाली मास्तरांचीच सही.

मास्तर ओशाळले. वकिलाची फी वाचवायला त्यांनी मागच्या मालकाचाच जुना करार टायपिस्टच्या हातात दिला होता. नावं तेवढी बदल, बाकी जसंच्या तसं. चार वेळा तोच मजकूर निघाला आणि चारही वेळा न वाचता त्यांनी सही ठोकली. कापडात सुताचा फरक खपवून न घेणारा माणूस, आणि कागद वाचायचा कंटाळा!

"एवढंच ना?" त्यांनी पेन काढलं आणि दोन्ही प्रतींवर कलम सात खोडून शेजारी सही केली. "आता खोली तुमची."

आत काहीतरी घासत सरकलं, पेटी ओढावी तसं. मग जिन्यावर सावकाश पावलं उतरत गेली. दोघांनीही ती ऐकली.

"गेल्या वाटतं," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी एका खोक्याची दोरी सोडली. "राहीन मी."

अंगावर काटा आला होता, पण भाडेकरू टिकला होता. मास्तरांनी स्वतःची प्रत खिशात घातली आणि मिळेल त्या बसने घर गाठलं.

बायकोने दारातच ओठांवर बोट ठेवलं. "अहो, हळू. पाहुण्या आल्यात. मी फ्लॅटच्या मालकाची आई, असं म्हणाल्या. मागच्या मालकाच्या असतील. त्यांची खोली कुणी काढून घेतली म्हणे. बिचाऱ्या पेटी घेऊन उन्हात उभ्या होत्या."

"आपली चिमी कुठाय?"

"त्यांच्यापाशीच, आत. लगेच गट्टी जमली बघा."

खोलीला आतून कडी होती. मास्तरांनी दार बडवलं, लेकीला हाका मारल्या. त्यांनी फळीला कान लावला. आत दोन श्वास एका लयीत चालले होते. भीतीने त्यांचा स्वतःचा श्वास अडकला, तसे आतले दोन्ही थांबले. त्यांनी श्वास सोडला. आतला एकच पुन्हा सुरू झाला, आणि तो सहा वर्षांच्या मुलीचा नव्हता.

मास्तरांनी खिशातला करार काढला, खोडलेल्या ओळीवर 'कलम सात कायम' असं लिहिलं, सही केली आणि कागद दाराखालून आत सारला. तो कुणीतरी ओढून घेतला.

कडी निघाली. चिमी खोकत बाहेर आली. तिच्या मागे खोली रिकामी होती.

"बाबा, आजी गेल्या. म्हणाल्या, फ्लॅट विकायचा तर खुशाल विका, पण नव्या कागदात मला लिहायला विसरू नका. नाहीतर मी चिमीकडेच येईन."

मास्तरांनी लेकीला घट्ट छातीशी धरलं. बायको काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिली. गिऱ्हाइकाचं बोटभर कापडही कधी न मारलेल्या त्या माणसाने दुसऱ्या हाताने दलालाला फोन लावला आणि विचारलं, लहान मुलं नसलेलं एखादं गिऱ्हाईक आहे का.