फुटका डोळा आणि इवलीशी टाच

मित्रांनो, माझ्याकडे नीट बघा. पूर्वी मला दोन डोळे होते, आता एकच उरला आहे. मी प्रसूतिगृहाच्या रक्ततपासणीच्या खोलीतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे.

कारखान्यात मला तासलं, घासलं, माझे स्क्रू करकचून पिळले. वाटलं, झाली तेवढी मारहाण पुरे. पण माझ्या नशिबी आलेली खोली बाळंतपणाच्या खोलीला लागून होती. भिंतीपलीकडच्या किंकाळ्यांनी माझ्या काचा थरथरायच्या.

तुम्हाला वाटत असेल, बाळ हसत खेळत जगात येतं. छे! काही बाळांना कळा सुरू होण्याआधीच ठरवून ऑपरेशन करून अलगद उचलतात. पण काहींना मारामारी करूनच यावं लागतं. डोकं चेपतं, श्वास कोंडतो, आई रक्ताने न्हाते. लढाई पेटली असं समजून बाळाचं शरीर पांढऱ्या पेशींची फौज रक्तात उतरवतं. ती गर्दी मी कितीदा पाहिली! आमच्या डॉक्टरीणबाई माझ्यावरून फडकं फिरवत म्हणायच्या, "चष्मेबहाद्दर, तू आहेस म्हणून मला दिसतं बाबा."

एकदा अशीच एक मुलगी झुंजून जन्माला आली. पांढऱ्या पेशी भरमसाट. तिला आईपासून दूर, काचेच्या पेटीत ठेवलं. जंतूंची बाधा असेल तर सुया, औषधं आणि आईविना कितीतरी दिवस. बाधा असली की शरीर घाईघाईत अर्धवट वाढलेल्या, कच्च्या पेशीही लढायला धाडतं; म्हणून फौजेत अशा कच्च्या पेशी किती आहेत ते बघायचं होतं. बाई माझ्यावर वाकल्या, तोच दार धाडकन उघडलं. मुलीचा मामा! सगळे त्याला पैलवान म्हणत.

"शेजारच्या पाळण्यातल्या पोराच्या पेशी कमी, आणि आमच्याच पोरीच्या एवढ्या? रक्त बदललंत तुम्ही!"

"अहो दादा, ते बाळ ऑपरेशनने झालंय. तुलना कशी करता? दोन मिनिटं थांबा..."

"माझी बहीण तिकडे पोरीसाठी टाहो फोडतेय आणि मी थांबू?"

त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. मी फरशीवर आपटलो. एका डोळ्याचा चुरा झाला, खालची काचपट्टी फुटली आणि तिच्यावरचं थेंबभर रक्त मातीमोल झालं.

बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "झालं समाधान? आता पुन्हा टोचावं लागेल तिला. चला, पाय तुम्हीच धरा."

तिला माझ्या शेजारीच आणलं. ज्या हाताने मला फोडलं, त्याच हातात ती टाच, बोराएवढी. सुई घुसली. मुलगी निळीजांभळी होईपर्यंत किंचाळली. पैलवान तिच्यावर वाकला.

"आई गं... माझ्यामुळे गं बाळा, माझ्यामुळे."

बाईंनी मला उचललं, नव्या थेंबाची काचपट्टी खाली सरकवली, उरल्यासुरल्या डोळ्याला डोळा लावला. मीही जीव एकवटून पाहिलं. गर्दी होती, पण सगळे तयार सैनिक. कच्चं जवळजवळ कुणीच नाही.

"बाधेची खूण दिसत नाही," बाई म्हणाल्या. "लढून आलीये पोर, म्हणून एवढी फौज. ओसरेल आपोआप. मोठ्या डॉक्टरांना सांगते, मग न्या आईच्या कुशीत."

आता नवं यंत्र आलं आहे. मी कपाटावर धूळ खातो. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. फक्त हात उगारण्याआधी एक क्षण थांबा. घाव माझ्यावर पडला होता, पण रक्त त्या इवल्या टाचेतून आलं.