हॉर्न थांबतात तेव्हा

त्या प्रोग्रामला 'चोंबडा' हे नाव दिलं काकांनी. लोक सोशल मीडियावर जे जे लिहितात ते दिवसभर वाचायचं, त्यातून रस्त्यावरचा अपघात हुडकायचा आणि अँब्युलन्सच्या कंट्रोल रूमला कळवायचं, एवढं पुतणीने समजावल्यावर ते म्हणाले, म्हणजे हा सगळ्यांच्या गप्पांत नाक खुपसणार. आपल्या दोन वर्षांच्या मेहनतीचं हे कौतुक ऐकून पुतणीने तोंड वाकडं केलं. पण आठवड्याभरात तिचं अख्खं ऑफिस तेच नाव घेऊ लागलं, आणि कागदोपत्री असलेलं लांबलचक नाव तिलासुद्धा आठवेना.

काका तीस वर्षं अँब्युलन्स चालवून निवृत्त झालेले. कंट्रोल रूममध्ये त्यांना 'घड्याळ' म्हणत. जखमीला हॉस्पिटलात पोचवून आले की ते दोन आकडे सांगायचे, गाडी जागेवर पोचायला फोनपासून किती मिनिटं लागली आणि अपघातापासून किती. रजिस्टरमध्ये रकाना फक्त पहिल्या आकड्याचा होता, दुसरा कुणी विचारत नसे, तरी ते सांगायचेच. घरी मात्र कामाबद्दल चकार शब्द काढत नसत.

निवृत्तीनंतर ते घरात बसून कंटाळले आणि काकू त्यांना कंटाळल्या. म्हणून पुतणीने त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला. अशा मशीनला शिकवायचं तर आधी माणसांना हजारो पोस्ट वाचून प्रत्येकीवर 'अपघात' किंवा 'अपघात नाही' अशी खूण करावी लागते. त्या खुणा पाहून मग मशीन शिकतं. प्रत्येक पोस्ट दोघांनी एकमेकांना न विचारता वाचायची असा नियम. एक वाचक तिची ऑफिसातली सहकारीण, दुसरे काका.

काका सकाळी नऊच्या ठोक्याला दाढीबिढी करून डायनिंग टेबलाशी हजर होत आणि पोस्ट मोठ्याने वाचत. काकूंनी जाहीर केलं की जन्मभर हे रस्त्यावर होते, आता यांनी रस्ताच घरात आणलाय. पण चार महिन्यांत नऊ हजार पोस्ट त्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचल्या.

दोघांच्या खुणा जुळवल्या तेव्हा चारशे बारा ठिकाणी मतभेद निघाला. बहुतेक ठिकाणी काकांनी 'अपघात' म्हटलं होतं आणि पोस्टमध्ये अपघाताचा पत्ताच नव्हता. कुणी बस जागची हलत नाही म्हणून कुरकुरत होतं, कुणी साहेबांची उशिराबद्दल आगाऊ माफी मागत होतं. पुतणीला वाटलं, काकांचे डोळे दमले असणार. हे तोंडावर कसं सांगायचं? तिने त्या चारशे बारा पोस्ट गुपचूप काढून टाकल्या आणि उरलेल्यांवर चोंबड्याला शिकवलं. तिच्या धंद्यात असं सर्रास करतात. माणसांचं जिथे जुळत नाही, तो कचरा.

कंट्रोल रूमने दहा दिवसांची चाचणी दिली. तिथल्या प्रमुख बाई खमक्या. त्यांची अट सरळ होती. फोन येण्याआधी एक तरी खरा अपघात ओळखून दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा. सात दिवस गेले. चोंबडा अपघात अचूक सांगायचा, पण फोन येऊन, अँब्युलन्स निघून गेल्यावर. "तुमचा चोंबडा शिळ्या बातम्या आणतो," बाई म्हणाल्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी पुतणी काकांकडे गेली आणि काढून टाकलेल्या पोस्टांसकट सगळं कबूल करून बसली. काका रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि त्या चारशे बारांतली एक पोस्ट तिला वाचायला लावली. 'पुलावर अर्धा तास अडकलोय. आता तर हॉर्नही कुणी वाजवत नाही.'

"साध्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न थांबत नाहीत गं," काका म्हणाले. "पुढे कुणी पडलंय हे मागे मागे कळत जातं, तसे ते थांबतात. लोक इंजिन बंद करून खाली उतरतात. आणि ही दुसरी बघ. समोरून येणाऱ्या गाड्या उगाच रेंगाळतायत म्हणून वैतागलीय. त्यांचा रस्ता तर मोकळा आहे. मग का रेंगाळतायत? बघतायत."

"मग हे लोक फोन का करत नाहीत?"

"प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने केला असेल."

मग काकांनी तिला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. ते नोकरीत नवे असताना एक स्कूटरवाला पडला होता. भोवती शंभरेक माणसं उभी होती, आणि पहिला फोन झाला चौतिसाव्या मिनिटाला. काका त्या फोननंतर सहा मिनिटांत पोचले. वरिष्ठांनी पाठ थोपटली. "रजिस्टरमध्ये माझी सहाच मिनिटं लागली," ते म्हणाले. "त्याची चाळीस झाली होती. तो गेला."

पुतणीला स्वतःची लाज वाटली. तिने कचरा म्हणून फेकली होती ती या माणसाची तीस वर्षं होती. दुसऱ्या दिवशी तिने चारशे बाराच्या चारशे बारा पोस्ट काकांच्या खुणांसह परत घातल्या आणि चोंबड्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

दहाव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, चोंबड्याने नकाशात शहराबाहेरच्या हमरस्त्यावरच्या उतारावर लाल खूण केली. पाच मिनिटांत चार पोस्ट. एक उशिराबद्दलची, दोन समोरच्या रेंगाळणाऱ्या गाड्यांबद्दलच्या, चौथी नुसतीच, 'इथे एवढं शांत कसं?' अपघात हा शब्द कुठेच नव्हता. फोनही नव्हता. बाईंनी चारही पोस्ट वाचल्या आणि पुतणीकडे पाहिलं. गाडी रिकामी परतली तर चाचणी तिथेच संपणार, हे दोघींनाही माहीत होतं.

"पाठवायची?" बाईंनी विचारलं.

पुतणीने चौथी पोस्ट पुन्हा एकदा वाचली. "पाठवा," ती म्हणाली.

उतारावर कठडा तुटला होता. पार्सलची एक छोटी व्हॅन खालच्या नाल्यात आडवी पडली होती आणि चालवणारी बाई आत अडकली होती. पायातून रक्त वाहत होतं, पण ती शुद्धीवर होती. वर कठड्यापाशी रांगेने माणसं उभी होती. पहिला फोन आला तेव्हा तिला स्ट्रेचरवर घेत होते. प्रमुख बाईंनी तो स्वतः उचलला, "गाडी पोचलीय" एवढंच सांगितलं, आणि पुतणीला म्हणाल्या की मशीन इथेच राहू दे.

दुपारी ती धावतच काकांकडे गेली. काका टेबलाशी बसून नव्या पोस्ट वाचत होते. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"वाचली?"

"वाचली. पायही वाचेल म्हणतात."

"फोनपासून किती?" त्यांनी सवयीने विचारलं.

"गाडी पोचली तोवर फोन आलाच नव्हता, काका. अपघातापासून चौदा."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली. "अगं, ऐकलंस का? चौदा."

काकूंना काहीच उलगडा झाला नाही. पण संसाराच्या एवढ्या वर्षांत या माणसाने त्यांना कामातला आकडा पहिल्यांदाच सांगितला होता. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि त्यांच्याजवळ येऊन बसल्या.